काळ्या मातीनं खाल्लेला ब्रेक पाईप

ब्रेकचा लाल दिवा फक्त वळणावर लुकलुकत असेल तर हँडब्रेकला दोष देऊ नये, बॉनेट उघडावं. ब्रेक ऑइलच्या डबीत एक फ्लोट असतो. तेल कमी झालं की वळणावर ते एका कडेला सरकतं, फ्लोट खाली बसतो आणि दिवा लागतो. रस्ता सरळ झाला की विझतो. आमच्या जुन्या पेट्रोल गाडीत हे मे महिन्यात सुरू झालं. डबीत बघितलं तर तेल खालच्या रेघेच्याही खाली. अहमदपूरहून सावकाश गावाकडं निघालो आणि वेशीजवळच्या गतिरोधकावर पेडल एकदम खोल गेलं. गाडी थांबली, पण उशिरा, आणि डावीकडं ओढत.

डावीकडं ओढली यातच अर्धं निदान झालं. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्यांत ब्रेकच्या तेलाचे दोन मार्ग तिरके असतात. पुढचं उजवं आणि मागचं डावं चाक एका मार्गावर, उरलेली दोन दुसऱ्यावर. एक फुटला तरी निम्मे ब्रेक हाताशी राहावेत म्हणून ही सोय. पुढचं डावं चाक धरत होतं, उजवं धरत नव्हतं. म्हणजे गळती पुढच्या उजव्या नाहीतर मागच्या डाव्या चाकाच्या वाटेवर कुठंतरी. उरलेलं अंतर पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेकवर हात ठेवून काढलं. हँडब्रेक वायरीवर चालतो, त्याला तेल लागत नाही.

सकाळी मागच्या डाव्या दाराखाली फरशीवर ओला डाग होता. इंजिन ऑइल का ब्रेक ऑइल, हे ओळखायला वाटीभर पाणी पुरतं. बोटावर घेतलेला थेंब पाण्यात टाकला तर विरघळून गेला. इंजिन ऑइल असतं तर तवंग आला असता.

गाडीखाली शिरण्याआधीची तयारी जास्त महत्त्वाची, कारण आपल्याकडं त्यातच हयगय होते. गाडीच्या जॅकवर भरवसा ठेवून कुणी खाली झोपू नये. विटा आणि पोकळ सिमेंटचे ठोकळे तर अजिबात नकोत, ते फुटताना सूचना देत नाहीत. अंगणातल्या मातीत जॅक रुततो, म्हणून गाडी ओसरीपुढच्या शहाबादी फरशीवर घेतली. फरशीवर जाड फळी टाकून ओळखीच्याकडून आणलेले दोन लोखंडी स्टँड लावले, पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड दिले. काढलेली मागची चाकं गाडीच्या दारांखालच्या उंबऱ्याखाली आडवी सारली. स्टँड घसरलाच तर गाडी चाकावर टेकेल, माझ्यावर नाही.

खाली बघितलं तर पाईप दिसेचना. ब्रेकचा पाईप इंजिनाकडून येतो आणि पेट्रोलच्या नळ्यांच्या बरोबरीनं तळाला चिकटून मागं जातो. प्लास्टिकच्या क्लिपा त्याला धरून ठेवतात. आमची गाडी वर्षातले चार महिने पाणंदीतून चालते. प्रत्येक क्लिपच्या मागं काळ्या मातीचा वाळलेला लपका बसला होता. ही माती ओल धरून ठेवते, हे शेतकऱ्याला सांगायची गरज नाही. पिकाला जे पोषक तेच लोखंडाला मारक. त्यात दरवर्षी पेरणीच्या वेळी डिकीतून युरिया नाहीतर मिश्र खताची पोती येतात. एखादं फाटतं, दाणे तळातल्या भोकातून खाली गळतात. खताच्या पाण्यानं लोखंड किती लवकर सडतं ते पेरणी यंत्राचा खताचा डबा ज्यानं बघितलाय त्याला ठाऊक आहे. कोकणात हेच काम खारी हवा करते. आपल्याकडं हवा कोरडी म्हणून पाईप सडणार नाही असं समजायचं कारण नाही.

खरवडणीनं माती काढली. मागच्या चाकाजवळच्या शेवटच्या क्लिपच्या मागं पाईपवर तांबूस पापुद्रे आले होते. वायर ब्रश एकदाच फिरवला आणि बायकोला पेडल दाबायला सांगितलं. टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून बारीक चिळकांडी उडाली.

तालुक्याच्या गावातले मिस्त्री, ज्यांना सगळे चाचा म्हणतात, त्यांना फोन लावला. ते म्हणाले, "कामून एवढा कुटाणा करायलाव भाऊ? गाडी हिकडं आणा, पितळ मारून देतो. दहा मिनटाचं काम."

चाचांचा हात चांगला आहे. ट्रॅक्टरचं इंजिन ते डोळे मिटून बांधतील. पण या बाबतीत त्यांचं ऐकायचं नाही असं मी ठरवलं, आणि का ते नीट सांगतो, कारण गावोगाव हेच सल्ले मिळतात.

ब्रेक पाईपमध्ये दाब किती असतो याचा साधा हिशेब करून बघा. पायाचा जोर २५ किलो धरा. पेडलच्या तरफेनं तो चौपट होतो, म्हणजे १०० किलो. व्हॅक्यूम बूस्टर, म्हणजे इंजिनाच्या ओढीवर पायाचा जोर वाढवणारा डबा, त्याचा तिप्पट करतो असं धरलं तर ३००. हा जोर तेलावर दाब म्हणून घालतो तो मास्टर सिलिंडर, माझ्या गाडीचा आतून साधारण २०.६ मिमी व्यासाचा, म्हणजे क्षेत्रफळ सव्वातीन-साडेतीन चौरस सेंटिमीटर. भागाकार केला की दर चौरस सेंटिमीटरला ९० किलोच्या आसपास दाब येतो. गाडीच्या टायरमध्ये हाच आकडा दोनच्या थोडा वर असतो. गच्चीवरच्या टाकीच्या नळाला एकसुद्धा नसतो. समोर अचानक म्हैस आली आणि जीव तोडून पाय दाबला तर दाब यापेक्षाही वर जातो, आणि आपल्याला ब्रेक खरा लागतो तो त्याच क्षणी.

आता पितळ मारायचं म्हणजे गॅसची ज्योत पाईपवर धरायची आणि पितळ वितळवून भोक बुजवायचं. पाईपची भिंत आहे जेमतेम पाऊण मिलिमीटर, त्यात गंजून अर्धी राहिलेली. भोक बुजेल, पण शेजारची पातळ जागा तशीच राहील आणि आचेनं वरचा गंजरोधक थरही जळेल. शिवाय दोन बोटांवर पेट्रोलची नळी. हे एक कारणही पुरेसं होतं.

दुसरा सल्ला फ्रिज-एसीच्या तांब्याच्या नळीचा. तांबं वाकतं छान, जोडायलाही सोपं, पण सततच्या थरथरीनं कडक होत जातं आणि एक दिवस तडकतं. तिसरा सल्ला डिझेल पाईपला वापरतात त्या रिंगच्या जोडाचा, म्हणजे पाईपवर पितळी रिंग चढवायची आणि नटानं आवळायची. तो जोड कमी दाबाचा, ब्रेकच्या दाबाखाली पाईप त्यातून सटकू शकतो. चौथा सल्ला सगळ्यांत भयंकर, आणि तो मी डोळ्यांनी बघितलाय. पाईप पक्कडीनं चेपून, दुमडून बंद करायचा आणि गाडी तीन चाकांच्या ब्रेकवर पळवायची. अशा काळीपिवळ्या जीपमधून मी कॉलेजला गेलोय. बारा-तेरा माणसं आत, चार मागं लटकलेली.

खरा उपाय दोन प्रकारचा. कंपनीचा तयार वाकवलेला पाईप मागवायचा, नाहीतर त्याच मापाचा पाईप घेऊन टोकं स्वतः बनवायची. तयार पाईप मिळत असेल तर तोच घ्यावा, त्यात कमीपणा काही नाही. मला तो लवकर मिळेना. मृग तोंडावर आलेला, खत-बियाणं आणायला गाडी हवीच होती. सुदैवानं माझा मावसभाऊ वाळूजला एका टूलरूममध्ये आहे. त्याला फोन केला तर आधी त्यानं शिव्या घातल्या, मग नीट विचारलं, "टोक कसलंय? डबल फ्लेअर का बबल?"

हा प्रश्न नवख्या माणसाला सुचत नाही. ब्रेक पाईपचं टोक फुलवलेलं असतं, त्यालाच फ्लेअर म्हणतात, आणि नट ते समोरच्या खाचेत दाबून बसवतो. तेल अडतं ते त्या फुललेल्या टोकाच्या धातूमुळं, आट्यांमुळं नाही. म्हणून जोडाला टेफ्लॉन टेप लावणारा माणूस दिसला तर त्याला तिथंच थांबवावं. फुलवण्याचे मुख्य प्रकार दोन. एकात कडा आत दुमडून दुहेरी शंकू करतात, दुसऱ्यात टोकाला नुसता फुगा ठेवतात. दोन्हींचे नट वेगळे, खाचा वेगळ्या. एकाच्या जागी दुसरं बसल्यासारखं वाटतं आणि गळतं. माझ्या गाडीचं जुनं टोक काढून बघितलं तर दुहेरी शंकू होता. पाईप ४.७५ मिमीचा, नट १० मिमी आट्यांचा, दोन आट्यांतलं अंतर १ मिमी. हे सगळं फोटोसकट पाठवलं. त्यानं तांबं-निकेल मिश्रधातूच्या पाईपची गुंडाळी, नवे नट, छोटा पाईप कटर आणि फ्लेअरिंगचं हत्यार एका खोक्यात घातलं आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडं दिलं. हा पाईप गंजत नाही, हातानं वाकतो आणि ब्रेकसाठीच बनवलेला असतो. एसीवाल्यांकडचं हत्यार का आणलं नाही, असं गावात दोघांनी विचारलं. ते टोक एकेरी फुलवतं. ब्रेकला एकेरी चालत नाही, कड तडकते.

जुना पाईप काढणं हे निम्मं युद्ध. मागचं टोक जिथं रबरी होजला मिळतं तो नट मातीत थिजला होता. गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवला. साधा फिक्स पाना लावला असता तर नटाचे कोपरे गोल झाले असते. अशा नटांसाठी एका बाजूनं चीर दिलेला रिंग पाना येतो, चिरेतून पाईप आत घ्यायचा आणि रिंग नटावर सरकवायची. माझ्याकडं तो नव्हता, पण जुना पाईप भंगारातच जाणार होता. म्हणून तो नटापाशीच कापला आणि सहा कोनी बॉक्स पाना सरळ नटावर चढवला. कर्र आवाज झाला आणि सुटला. पुढचं टोक मागच्या सीटखालच्या कपलिंगला होतं, तिथं माती नव्हती, ते सहज निघालं.

पाईप उघडा पडला की डबीतलं सगळं तेल निथळून जातं आणि मास्टर सिलिंडरमध्ये हवा शिरते. ते टाळायला पेडल थोडं दाबून, सीट आणि पेडलच्या मध्ये काठी अडकवायची. आतला पिस्टन पुढं सरकून डबीकडून येणारं छिद्र झाकतो आणि तेल जागच्या जागी थांबतं. फक्त एक लक्षात ठेवायचं, पेडल दाबलेलं म्हणजे मागचे ब्रेकलाइट चालू. तेवढा फ्यूज काढून ठेवावा, नाहीतर सकाळी बॅटरी झोपलेली.

मग ज्यासाठी एवढा खटाटोप केला ते काम, फ्लेअर. यावर वेळ घालवावा, घाई करू नये. पेट्रोलच्या वासात आणि उकाड्यात गाडीखाली पडून हे करण्यापेक्षा टेबलाला व्हाइस लावून सावलीत बसावं. पाईप करवतीनं कापू नये, कड तिरकी होते आणि कीस आत जातो. छोटा कटर पाईपभोवती फिरवायचा, दर फेरीला किंचित आवळायचा. तुटलेल्या टोकाच्या आतली धार चाकूच्या टोकानं काढायची, बाहेरची कड कानशीनं थोडी मोडायची. मग नट पाईपवर चढवायचा, तोंड टोकाकडं करून. हे आत्ताच करायचं, कारण दोन्ही टोकं फुलल्यावर नट पाईपवर जात नाही.

हत्यारात दोन पट्ट्या असतात, त्यांच्या खाचेत पाईप घट्ट धरायचा. किती वर ठेवायचा, तर सोबतच्या गोल बटणाच्या कडेची जी जाडी तेवढा, केसभर कमी नाही की जास्त नाही. बटणाची बारीक दांडी पाईपच्या तोंडात घालायची, वरून स्क्रूची टोपी फिरवत आणायची. ब्रेक ऑइलचा एक थेंब वंगणाला पुरतो. स्क्रू फिरतो तसं टोक फुगत जातं, हाताला जाणवतं. बटण पट्टीला टेकलं की थांबायचं. उघडून बघितलं तर टोकाला बारीक कांदा धरल्यासारखा गोल. आता बटण काढून नुसत्या शंकूनं तोच गोल आत दाबायचा. कड आत वळते, दुहेरी होते आणि आतला उतार चकचकीत निघतो.

मावसभावानं बजावलं होतं, पहिले तुकडे फेकायचे म्हणूनच बनव. तसेच बनवले. एकाचा शंकू एका अंगाला गेला, कारण काप चौरस नव्हता. एक पट्टीतून खाली सरकला. प्रत्येक टोक मी आबांच्या पंचांग वाचायच्या भिंगातून बघायचो. कड सगळीकडं सारखी रुंद हवी, शंकू मधोमध हवा, चीर किंवा ओरखडा नको. ओळीनं सगळी टोकं चांगली यायला लागली तेव्हाच खऱ्या पाईपला हात लावला.

वाकवायला फारसं कौशल्य लागत नाही. जुना पाईप शेजारी ठेवला, बाइंडिंग वायरीनं गाडीखालची वाट मापून घेतली आणि पाण्याच्या पाईपच्या तुकड्याभोवती एकेक वळण दिलं. सायलेन्सरपासून लांब, हँडब्रेकच्या वायरीला घासणार नाही आणि मागचा अॅक्सल वरखाली होताना अडकणार नाही असा. क्लिपा नव्या घातल्या. पत्र्याजवळून जातो तिथं रबरी नळी चिरून चढवली. दोन्ही नट आधी बोटांनी जितके जातील तितके फिरवले, मगच पाना लावला. बोटांनी फिरत नसेल तर आटे तिरके लागलेत, उलटं फिरवून परत सुरू करावं.

आता हवा काढायची. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. पाईपमध्ये बुडबुडा राहिला तर पाय बुडबुड्यालाच दाबत बसतो आणि पेडल स्पंजासारखं लागतं. ब्रेक ऑइलची नवी, सील असलेली बाटली आणली. गाडीतल्या डबीच्या झाकणावर डॉट ३ ही तेलाची प्रत छापलेली होती, तेच घेतलं. मागच्या वर्षी उघडलेली बाटली कपाटात होती, ती वापरली नाही. हे तेल हवेतलं पाणी ओढतं. नवं डॉट ३ तेल २०५ अंशांच्या आत उकळता कामा नये असा दंडक आहे, पाणी ओढलेल्यासाठी तोच आकडा १४० वर येतो. आणि यात चुकूनही इंजिन ऑइल किंवा डिझेल पडू देऊ नये, आतले सगळे रबर फुगून वाया जातात.

मेडिकलमधून सलाइनची पारदर्शक नळी आणली. मागच्या डाव्या चाकाच्या हवा काढायच्या निपलवर एक टोक, दुसरं तळाला थोडं तेल असलेल्या बाटलीत बुडवलेलं. उजव्या हाताला चालक असलेल्या गाडीत मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांब हेच चाक, म्हणून सुरुवात इथून. बाकी क्रम गाडीच्या पुस्तिकेप्रमाणं. काठी काढली, पेडलवर बायको बसली, डबीत तेल ओतायला पुतण्या. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये पिस्टन कधी न गेलेल्या खोलीपर्यंत गेला तर आतल्या गंजावर रबर कापलं जातं.

गाडीखालून आवाज नीट पोचत नाही. 'सोडू नको' मधलं 'नको' हमखास हवेत विरतं, आणि निपल उघडं असताना पेडल सुटलं की हवा परत आत. म्हणून 'दाब' आणि 'वर' एवढे दोनच शब्द ठरवले.

"दाब!"

"दाबलंय!"

निपल पाव आटा उघडायचं, तेल-बुडबुडे येऊ द्यायचे, बंद करायचं.

"वर!"

"अहो, किती वेळ चालायचंय हे? कुकर लावलाय मी."

आधी नळीतून काळपट तेल आलं, मग साखरेच्या पाकासारखं फेसाळ, मग मोठाले बुडबुडे, मग बारीक. शेवटी स्वच्छ पिवळसर धार लागली. चारही चाकांचं असंच केलं. सांडलेलं तेल लगेच भरपूर पाण्यानं धुतलं, कारण ते गाडीचा रंग सोलून काढतं.

मग इंजिन बंद ठेवून पेडल जोरात दाबून धरायला सांगितलं आणि दोन्ही जोडांना कोरडा टिश्यू लावून टॉर्चनं बघितलं. कोरडा. इंजिन चालू केल्यावर पेडल किंचित खाली जातं, तो बूस्टरचा जोर. त्यानंतर ते खाली खाली जात राहिलं तर कुठंतरी गळतंय. आमचं जागेवर थांबलं. आधी अंगणात, मग गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर सावकाश ब्रेक मारून बघितला. गाडी सरळ थांबली.

तरी दुसऱ्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय घरच्यांना बसवायचं नाही, म्हणून गाडी चाचांकडं नेली. ते खाली शिरले, वळणं बघितली, नटांना पाना लावून बघितला, पेडलवर उभं राहावं तसा जोर दिला. "काम बराबर हाय," म्हणाले, आणि लगेच, "ते टोक फुलवायचं हत्यार दाखवा बरं."

उजव्या बाजूचा पाईप अजून जुनाच आहे. क्लिपांमागची माती काढून घासून बघितला, वरवरचा तांबूस थर आहे, खड्डा कुठं नाही. सोयाबीन निघालं की तोही बदलायचा. पाईप उरलाय, नटही आहेत. हत्यार मात्र चाचांकडं एका जीपच्या कामाला गेलंय आणि वाळूजहून फोनवर फोन येतायत की माझा डबा परत कधी पाठवतोस.